बाकी शून्य, साखर तीनशे बारा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिरली असती तर बाबांनी तिचाही रिपोर्ट मागितला असता. पंखा बंद, म्हणून लोक आपापल्या रिपोर्टांनीच वारा घेत होते. फळ्याशी भागाकारानं आजार घालवणारे बाकीबाबा उभे होते.

"साखर किती?"

"तीनशे बारा," पुढच्या रांगेतला शिंपी म्हणाला.

"शेजारी पुन्हा तेच लिहा. ३१२३१२. आता भागा! सातानं पाप, अकरानं शाप, तेरानं ताप!"

शिंप्यानं घाम पुसत फळ्यावर भागलं. सातानं बाकी शून्य. आलेल्या उत्तराला अकरानं, शून्य. त्याला तेरानं, पुन्हा शून्य.

"आजाराची बाकीच उरली नाही! सुई फेका!"

टाळ्यांनी छप्पर उडायचंच राहिलं. मागे उभ्या असलेल्या गणिताच्या बाईंनी मात्र कपाळावर हात मारला. शिंपी त्यांचा सख्खा थोरला भाऊ. बाबांच्या नादानं त्यानं इन्सुलिन थांबवलं होतं आणि पायाची जखम काळी पडू लागली होती. डॉक्टर आता पाय कापण्याची भाषा बोलत होते. बाई तरातरा फळ्याशी गेल्या.

"अगं, चारचौघांत शोभा करू नकोस," भाऊ कुजबुजला.

"शोभा झालीच आहे, दादा. आता हिशेब होऊ दे."

"संशयानं भागाल तर बाकी उरेल," बाबांनी बजावलं.

"उरू दे की. पोतंभर संशय घेऊनच आलेय."

बंद पंख्यावर सभागृहाचा नंबर रंगवला होता, २०४. बाईंनी २०४२०४ लिहिलं. सात, अकरा, तेरा. बाकी शून्य! बाई वर बघत राहिल्या. सभाही वर बघत राहिली. पंखा ढिम्म.

"पाप गेलं, शाप गेला, ताप गेला," बाई म्हणाल्या, "जळकी वायर तेवढी राहिली."

हशा पिकला. बाबांचा चेहरा पडला. "श्रद्धा हवी, श्रद्धा!"

"भागाकाराला खडू पुरतो. सात गुणिले अकरा गुणिले तेरा किती? एक हजार एक. तीन आकडी संख्या दोनदा लिहिली की ती आपोआप हजार एकपट होते. तीनशे बारा हजार, वर तीनशे बारा. आधी हजार एकनं गुणायला लावायचं, मग तुकड्या-तुकड्यानं हजार एकनंच भागायला लावायचं. बाकी उरेल कशी? कुठलीही तीन आकडी संख्या घ्या, हेच होणार. आणि दादा, तुझं शेवटी उत्तर काय आलं, ते वाच."

शिंप्यानं फळ्याकडे पाहिलं. ओठातल्या ओठात आकडा पुटपुटला.

"मोठ्यानं."

"तीनशे बारा."

"म्हणजे साखर?"

"जिथल्या तिथे," तो म्हणाला. मग त्यानं बहिणीचा हात धरला. "चल, आधी दवाखान्यात."

बाबांनी डस्टर उचललं. बाईंनी ते काढून घेतलं.

"फळा पुसायचा नाही. लोकहो, घरी जाऊन स्वतः भागून बघा. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो एकदा बंद पंख्यावर करून बघत जा."