दिवसाचं एकच गाणं

घरात मला सगळे ‘कुजबुज’ म्हणतात. मी हाक मारली की ती समोरच्याच्या कानापर्यंत पोचण्याआधीच जमिनीवर पडते, असं ताईचं म्हणणं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. तिथे काज-बटणं, हातशिलाई आणि इस्त्री माझ्याकडे. दुपारी मशिनी थांबल्या की मी गाते.

गाणी माझीच, शब्दही माझे आणि चालीही. दुकानाच्या मागे कपडे घालून बघायची खोली आहे, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी. गिऱ्हाइकांचे लोकरीचे कोट मी तिच्यात चारी बाजूंनी टांगते, म्हणजे आवाज घुमत नाही. स्टुलावर रेकॉर्डिंगसाठी फोन आणि मांडीवर छोटी पेटी, एवढाच संसार.

एक नेम मात्र आहे, आणि तो देवाशी आहे. पूर्ण गाणं दिवसातून एकदाच गायचं, तेही जेवणाआधी. शब्द बदलणं, चाल घासणं, तुकड्यातुकड्यानं गुणगुणणं सुईबरोबर दिवसभर चालतं; पण सबंध गाणं एकदाच. चुकलं तर चुकलेलंच अर्पण. वाहिलेलं फूल उचलून, झटकून कुणी परत वाहत नाही.

म्हणून माझ्या पहिल्या गाण्यात, ऐन शेवटच्या कडव्यात, ताईच्या हातून कात्री पडल्याचा आवाज आहे. मी ते तसंच इंटरनेटवर टाकलं.

“अगं, उद्या परत गा की! माझी कात्री कशाला जगाला ऐकवतेस?”

“आपलं पोट तिच्यावर चालतं,” मी म्हटलं. “ऐकू दे तिलाही लोकांना.”

लोकांनी ऐकलं. ‘कात्रीवाली बाई’ म्हणून विचारू लागले. आणि एक दिवस गाण्यांच्या एका मोठ्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. त्यांच्या स्टुडिओत एक गाणं नीट झालं, की करारावर सही आणि माझी नऊच्या नऊ गाणी त्यांच्यातर्फे बाहेर. मी नेम सांगितला. “हो हो,” ते हसले, “प्रत्येक कलाकाराचं काहीतरी असतंच.”

ताईनं दुकान बंद ठेवलं. माझ्यासाठी तिनं नवा पोशाख शिवला, रात्री उसवला, परत शिवला. तिचा नेम वेगळा.

स्टुडिओ म्हणजे स्पंजानं मढवलेली गार खोली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, पिकल्या मिशांचा, शेजारी चहाचा थर्मास. साहेब त्याच्या मागे उभे, ताई बाहेरच्या बाकावर.

“सुरू करा, बाई,” तो म्हणाला.

मी डोळे मिटले आणि गायले. तिसऱ्या कडव्यात एक सूर आहे. चार महिने तो मला हुलकावणी देत होता. दारापर्यंत यायचा आणि उंबऱ्यावरून परत जायचा. त्या दिवशी तो आला आणि घरचा असल्यासारखा बसला. गाणं संपलं तेव्हा मी डोळे उघडले.

काचेपलीकडे अंगठा वर झाला. “मस्त! आवाजाचा अंदाज आला. चला, आता घेऊ या.”

“घेऊ या म्हणजे?”

“म्हणजे रेकॉर्ड. पहिलं गाणं आम्ही नुसतं मोजायला ऐकतो. सगळ्यांचंच.”

मी पेटीचा भाता बंद केला. मग म्हटलं, “आजचं झालं. आता उद्या.”

साहेब आत आले. “झालं कुठे? आमच्याकडे तर काहीच नाही.”

“देवाकडे आहे.”

“हे बघा बाई, उद्या खोली रिकामी नाही. पुढचे तीन महिने नाही. दाराबाहेर दहा जणी उभ्या आहेत.”

“मग त्यांना आत घ्या. ताटकळत ठेवू नका.”

ताई धावत आली. “अगं, देव समजून घेईल! तो काय हजेरी घेतो?”

“तो नाही घेत, ताई. मी लावते.”

खोटं कशाला सांगू, मोह झाला. गळा तापलेला होता, तो सूर अजून आसपासच घुटमळत असेल असं वाटत होतं. कुणाला कळलं असतं? नऊ गाण्यांचा प्रश्न होता, आणि चूक माझी नव्हतीच. पण ज्याला कळायचं त्याला कळलंच असतं, आणि उद्या दुपारी त्या कोटांच्या मध्ये मला त्याच्यासमोरच बसायचं होतं.

“शिवाय,” साहेब कागद गुंडाळत म्हणाले, “तुम्हाला जरा मोठ्यानं गायला शिकावं लागेल. एवढ्याशा आवाजाला कोण विचारतंय?”

मी पेटीची कडी लावली. “ज्याला ऐकायचंय तो पुढे सरकतो, साहेब.”

ताई बसमधून उतरताना म्हणाली, “तोंडाशी आलेला घास टाकून आलीस.”

“माझा नव्हता तो.”

“मग तुझा कुठला?”

“नऊ गाणी आहेत. एक खोली आहे. आणि कोट आहेत, जोवर गिऱ्हाईक न्यायला येत नाही तोवर.”

ती रागानंच हसली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत जायला निघाले, तर दुकानाच्या दारावर तिच्या अक्षरात पाटी होती: ‘आत गाणं चालू आहे. दहा मिनिटं उसवलेलंच राहावं.’

सगळी गाणी त्या खोलीत रेकॉर्ड व्हायला सात महिने लागले. काही दिवस गाणं बेडकासारखं झालं. ते देवानं ठेवून घेतलं, मी बाहेर काढलं नाही. तो सूर परत आला नाही. बाकीचे आले.

मग आम्ही कापड बेतायचं मोठं टेबल भिंतीला लावलं आणि एका दुपारी लोकांना एका गाण्यासाठी बोलावलं. माईक नाही. गल्लीतले आले, गिऱ्हाइकं आली, इंटरनेटवर कात्री ऐकलेले अनोळखीही आले. सगळ्यात शेवटी, खांद्याला बॅग लावून, पिकल्या मिशांचा तो रेकॉर्डिस्ट.

ताईनं कमरेवर हात ठेवले. “साहेबांनी धाडलं वाटतं?”

“साहेबांना पत्ताच नाही.” तो माझ्याकडे वळला. “बाई, बावीस वर्षं मी लोकांचं पहिलं गाणं फेकून देत आलो. तुमचा तो तिसऱ्या कडव्यातला सूर कानातून जात नाही, आणि माझ्याकडे तो नाही.”

“तो मिळायचा नाही आता.”

“माहीत आहे. आज जे येईल ते.”

त्यानं कोपऱ्यात यंत्र मांडलं. मी आत जाऊन हात जोडले, बाहेर आले, पेटी पुढ्यात घेतली. ताईनं त्याला डिवचलं, “काय हो, आज आधी मोजायचं नाही वाटतं?”

“रेकॉर्डिंगचा दिवा केव्हाचा लागलाय,” तो म्हणाला. “त्या आत गेल्या तेव्हापासून.”

मी पहिली ओळ घेणार, एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “जरा मोठ्यानं!”

“पुढे सरका,” मी म्हटलं.

आमच्या पहिल्या अल्बमची सुरुवात स्टुलं सरकण्याच्या आवाजानं होते. चांगला मिनिटभर आहे. तो कापा, असं मला आजवर अनेकांनी सांगितलं. मी कापलेला नाही.