अंगठ्याखालचे तीन ठिपके

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड. संगणकाच्या डब्यात बसून पडद्यावरचं चित्र घडवणं हे माझं काम. ऐन उमेदीत एका तरुणाकडे मी खेळांतले डोंगर आणि राक्षस रंगवले, शाबासकी मिळवली. नवं कार्ड येताच माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मी वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या दोन बहिणींच्या कारखान्यात आलो. तिथे गिऱ्हाइकांच्या याद्या तेवढ्या दाखवायच्या. राक्षस रंगवणाऱ्याला हे काम म्हणजे शिक्षाच.

एके दिवशी धाकटीने ब्राउझर अद्ययावत केला आणि एक सेटिंग चालू केलं. तेव्हापासून ब्राउझर इंटरनेटवरचे लहान, धूसर व्हिडिओ माझ्या हवाली करू लागला. मी ते मोठे आणि स्वच्छ करायचो. एका ठिपक्याच्या जागी चार ठिपके भरायचे, तर मधलं काही अंदाजानेच भरावं लागतं. ह्या दोन ठिपक्यांच्या मध्ये काय असेल बरं? ह्या प्रश्नाने मला पुन्हा हुरूप आला.

मग आईचा व्हिडिओ आला. बहिणींची आई वर्षापूर्वी वारली होती. खुर्चीच्या बैठकीच्या कोपऱ्यातली शेवटची गाठ फक्त तिलाच यायची. शिकू शिकू म्हणता दोघींचं राहून गेलं. आई ती गाठ बांधत असताना कुणा गिऱ्हाइकाने दारातूनच काढून इंटरनेटवर टाकलेला हा एवढाच व्हिडिओ उरला होता. आता आईनेच विणलेल्या वाचनालयाच्या खुर्च्या दुरुस्तीला आल्या होत्या, आणि ती गाठ साधली नाही तर ती कायमची गेली, हे दोघींना ठाऊक होतं.

मी जीव ओतून काम केलं. आईच्या अंगठ्याखाली तीनच काळपट ठिपके होते. वेताची पट्टी वरून गेली असावी, असं मला वाटलं, आणि मी ती ठळक वरून नेली.

दोघींनी तसंच बांधलं. गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली.

"इतकं स्वच्छ दिसतंय ताई, आपलंच काहीतरी चुकतंय," धाकटी म्हणाली.

ताई पडद्याजवळ सरकली. "आईच्या अंगठीत खडा कधी होता गं?"

"नव्हताच. साधं वळं होतं."

"मग हा आला कुठून?"

मित्रांनो, तो मीच बसवला होता. नुसती चकाकी पाहून मला खडा वाटला. माझी मलाच लाज वाटली.

"म्हणजे पट्टीसुद्धा ह्यानेच वरून घातली असेल," म्हणत धाकटीने सेटिंग बंद केलं. चित्र पुन्हा धूसर झालं. ताई आता बोटं सोडून आईचा कोपर पाहत होती. गाठ आवळताना तो दर वेळी वर उचलला जात होता.

"खालून ओढतेय ती," ताई हळूच म्हणाली. तिने पट्टी खालून घेतली, कोपर उचलला आणि ओढली. गाठ बसली. ताईला रडू आलं.

डोळे पुसून तिने पुन्हा पट्टी हातात घेतली, आणि धाकटीने फोन अगदी तिच्या बोटांपाशी धरला. तो व्हिडिओ माझ्यापुढे आला तेव्हा त्यात भरायला मला एकही जागा नव्हती. बेकार बसूनही मी इतका सुखी कधीच नव्हतो. मित्रांनो, माझ्या पंख्यांवरची धूळ अधूनमधून झटका, एवढं माझं मागणं आहे. पण घरातले कामसू हात आहेत तोवर त्यांच्या जवळ जाऊन बसा. दारातून पाहिलेलं मला मोठं करता येतं, पण जवळून पाहायचं राहून गेलेलं मला भरून काढता येत नाही.