ऑर्डरच्या खोलीतला हेडफोन

मित्रांनो, तुमच्या कानांत ते इवलेसे, बिनवायरचे हेडफोन असतात ना, त्यांचा मला थोरला काका समजा. मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या कानावरच्या गादीचं कातडं सोलवटलंय, गालाशी येणारी माईकची दांडी वाकडी झालीय. गाणं मी कधी ऐकलं नाही. मी माणसं ऐकली.

जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खोक्यातून निघालो तो थेट एका कॉम्प्युटर कंपनीच्या ऑर्डरच्या खोलीत, तिथे फोनवर बसणाऱ्या ताईंच्या डोक्यावर. ही कंपनी तेव्हा दुकानात माल ठेवतच नसे. गिऱ्हाईक फोन करी, ताई ऑर्डर घेत आणि मग त्या माणसाच्या गरजेप्रमाणे कॉम्प्युटर जोडला जाई. ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "वापरणार कोण?" किमतीचं बोलणं नंतर.

ताईंचा एक पाय लहानपणापासून अधू होता. कुबडी त्या टेबलाखाली सरकवून ठेवत. फोनवर ती कुणाला दिसणार? ऐकू यायचा तो फक्त त्यांचा हसरा, ठाम आवाज. साहेब सगळ्यांदेखत म्हणत, "ताई म्हणजे आमच्या कंपनीचा गळा!" मी फुशारून जाई. त्या गळ्याच्या सगळ्यात जवळ मीच होतो ना!

एक निवृत्त टायपिस्ट आजोबा होते. त्यांना सगळ्यात महागडा कॉम्प्युटर हवा होता. ताई म्हणाल्या, "आजोबा, नातीसाठी गोष्टीच लिहायच्यात ना? मग एवढा कशाला?" त्यांनी साधाच दिला, पण पडदा मोठा आणि कीबोर्ड ठसठशीत अक्षरांचा. तेव्हापासून घोडं अडलं की आजोबांचा फोन, "ताई, अक्षरं पुन्हा बारीक झाली हो!" ताई न कंटाळता पुन्हा सांगत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

मग वारं फिरलं. लोकांना वस्तू हाताळून घ्यायची होती आणि दुसऱ्या कंपन्यांचा माल दुकानादुकानांत मांडलेला होता. आमच्या कंपनीनेही दुकानदारांना गाठलं. ते म्हणाले, "तुम्हीच फोनवर स्वस्तात विकणार, तर आम्ही काय माशा मारायच्या?" झालं! फोनवरची विक्री बंद. खोलीतल्या बाकीच्या मुलींना दुकानांत पाठवायचं ठरलं. ताई माझी वायर फोनमधून काढून, मला गळ्यात तसंच अडकवून साहेबांकडे गेल्या.

"मलाही दुकानात पाठवा, साहेब. घरी आई आहे, कमावणारी मी एकटीच."

"मला का कळत नाही? पण तिथे दिवसभर उभं राहावं लागतं हो, ताई."

"एखादं स्टूल दिलं तर?"

"दुकान त्यांचं. ते नाही म्हणतात." साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आवाज मात्र तुमचाच ठेवू या."

शेवटच्या दिवशी ताईंनी माझ्या माईकमध्ये निरोप रेकॉर्ड केला. "नमस्कार! आमचे कॉम्प्युटर आता तुमच्या जवळच्या दुकानात मिळतील. कृपया तिथे चौकशी करा." पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला. साहेब म्हणाले, "जरा हसतमुखाने, ताई." मग त्यांनी हसतमुखाने केला. माझी गादी रुमालाने पुसली, कुबडी काढली आणि त्या गेल्या. पुढे त्यांना कुठे काम मिळालं का, मला ठाऊक नाही. विचारणार तरी कुणाला?

खोली ओस पडली, पण मला फोनमधून काढायचं कुणाला सुचलं नाही. म्हणून अजून मला सगळं ऐकू येतं. परवा आजोबांचा फोन आला.

"ताई, अक्षरं पुन्हा बारीक झाली हो."

"नमस्कार! आमचे कॉम्प्युटर आता तुमच्या जवळच्या दुकानात..."

"दुकानात जाऊन आलो. ते म्हणतात, नवीनच घ्या."

"कृपया तिथे चौकशी करा."

"अहो ताई, मी बोलतोय. ओळखलं नाहीत का?"

फोन बंद झाला. आजोबांनी पुन्हा लावला. ताई पुन्हा तितक्याच हसतमुखाने बोलल्या. त्यानंतर आजोबांचा फोन आला नाही.

मित्रांनो, माझी गादी बदला, मला जपून ठेवा, असं मी म्हणत नाही. कुणाला बसून काम करायचं असेल, तर त्याला स्टूल द्या, एवढंच. आणि मला टाकून द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण त्याआधी माझी वायर काढा. मला आता ताईंचा आवाज ऐकवत नाही.