हत्तिणीचं दार

दिग्विजय साहेब हत्तिणीच्या पोटाखालून बाहेर आले, गुडघे झटकले आणि माझ्या मुलाला म्हणाले, "सॉरी रणजीत. ही ती गाडी नाही."

मी तिथंच दोन हातांवर खुर्ची टाकून बसले होते. मला कुणी सॉरी म्हटलं नाही. सकाळी दहापासून हा माणूस गाडी बघत होता. टेप लावून चाकं मोजली, लॅपटॉपवरचे फोटो ताडून पाहिले, रणजीतला विचारलं. आमच्या नातीला, दिव्यालासुद्धा विचारलं. तिच्या जन्माआधीच गाडी बंद पडलेली, ती काय सांगणार? ज्या बाईनं या गॅरेजात तीस वर्षं भाकऱ्या थापल्या आणि वेळ पडली तेव्हा गाडीचे दांडेही ओढले, ती त्यांना दिसली फक्त चहा आणला तेव्हा. तेही साखर कमी हवी होती म्हणून.

हत्तीण म्हणजे आमची टोचन गाडी. इंग्रजांच्या लढाईतली, सहा चाकांची. सोंड मागच्या अंगाला, म्हणजे क्रेन. माझे मालक धोंडीबा यांनी बहात्तर साली मिलिटरीच्या लिलावातून आणली आणि कासारवाडी स्टेशनामागच्या आमच्या गॅरेजात उभी केली. घाटात ट्रक कलंडला, दापोडीला टँकर रुतला, की माणूस सायकल मारत आमच्याकडंच यायचा. मालक सांगायचे, ही लढाईत बंद पडलेल्या गाड्या उचलून आणायची. लोक हसायचे, धोंडीबा थापा मारतो म्हणायचे. मी हसले नाही. मी तिला उचलताना बघितलं होतं.

आता गॅरेजची जागा महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. रणजीत चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे, तो मशीनशी बोलतो तसाच घरात बोलतो. त्यानं मला आधीच सांगून टाकलेलं, "आई, हे क्लबवाले जुन्या लष्करी गाड्या जपून ठेवतात. त्यांनी नेली तर ठीक. न्हाई तर गुरुवारी भंगारवाला कटर घेऊन येतोय. मी शिफ्ट बदलून घेतलीय." बापाची गाडी कापायला लेकानं शिफ्ट बदलून घेतली. यावर मी काय बोलणार? तरी पुष्कळ बोलले.

"ती न्हाई म्हणजे कुठली न्हाई?" मी साहेबांना विचारलं.

लहान पोराला समजावतात तसं त्यांनी मला समजावलं. "आजी, या कंपनीनं एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या गाड्या काढल्या. एक तोफ ओढायची. दुसरी बंद पडलेल्या गाड्या उचलायची, तिला मुळातच क्रेन असते. तुमची तोफवाली आहे. क्रेन नंतर इकडं कुणीतरी वेल्डिंग करून बसवलीय. बघा ना किती जोड आहेत. तोफवाली आमच्याकडं आहे ऑलरेडी. उचलायची मिळाली असती तर आम्ही उद्या नेली असती."

"वेल्डिंग मालकांनी केलंय. क्रेन बसवली न्हाई, मोडलेली सांधली. एकोणऐंशी साली खोपोलीच्या उतारावर..."

"हो आजी, तुमच्या भावना समजतात."

भावना! मी त्यांना क्रेन कुठं मोडली ते सांगत होते, आणि हे माझ्या भावना समजून घेत होते.

"बरं, मग ही तोफवाली होती तर मी बंपरवर का बसायची?"

"म्हणजे?"

म्हणजे असं. मागं जड ट्रक उचलला की हत्तिणीचं तोंड वर यायचं, पुढची चाकं जमीन सोडायची. म्हणून पुढं लोखंडी वजनं अडकवायची सोय होती. पण ती वजनं लिलावाआधीच कुणीतरी लांबवलेली. मग मालक मागून ओरडायचे, "अंबू, बस!" मी कासोटा घट्ट करून बंपरवर जाऊन बसायची. शेजारी क्लीनर, आणि ज्याचा ट्रक पडलाय तो ड्रायव्हर. एकदा नारळाचा ट्रक काढताना आम्ही चौघं बसलो तरी चाकं वीतभर वर आली. खाली बघते तर दरी. मालक ओरडले, "खाली बघू नको, मी हाय!" मी हाय म्हणे. ते गाडीच्या दुसऱ्या टोकाला होते.

दिग्विजय साहेब हसले. "भारी किस्सा आहे आजी. पण किस्सा म्हणजे पुरावा नव्हे. लिलावाचे कागद आहेत का?"

"वाळवीला विचारा."

"आई," रणजीत दात आवळून म्हणाला.

"तसं कागदांचंही काही नाही," साहेब पिशवी आवरत म्हणाले. "या गाड्यांत ड्रायव्हरच्या समोर एक पितळी पट्टी असते. गाडी कुठल्या कामाची, ते त्यावर उठवलेलं असतं. ती असती तर प्रश्नच मिटला असता. पण तुमच्यात तिथं देव आहे. पितळ काय, कुणीही काढून विकतं."

मी गप्प झाले. मी गप्प झाले की आमच्या घरात सगळे घाबरतात. रणजीतनं माझ्याकडं बघितलं, दिव्यानं त्याच्याकडं.

बहात्तर सालची पहिली खंडेनवमी. मालक खाली पाने-हातोडे मांडून पूजा करत होते. मला म्हणाले, गाडीला कुंकू लाव. मी केबिनमध्ये चढले. समोर पितळेची पट्टी, चार खिळ्यांनी बसवलेली, वर काहीतरी उठवलेलं. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यात इंग्रजी कुठलं? आमच्या देव्हाऱ्यातले टाक अगदी तसेच, पितळेच्या पत्र्यावर देव उठवलेला. मला वाटलं, इंग्रजांचा असला म्हणून काय झालं, देव तो देव. तेलात शेंदूर कालवला आणि लावला. मालकांनी बघितलं, म्हणाले, "राहू दे, शोभतंय." तेव्हापासून एक नवमी चुकली नाही. थरावर थर. दहा वर्षांनी चांदीचे डोळेही बसवले. आणि कुणी हात लावला तर मी हात तोडीन, असं सगळ्या गॅरेजला बजावलेलं.

आता हे त्या साहेबापुढं कसं कबूल करायचं? सकाळपासून मीच त्याला अडाणी ठरवत होते. पण गुरुवार परवावर आला होता.

"पट्टी विकली न्हाई," मी म्हणाले. "देवाखाली हाय."

"काय?"

"देव पट्टीवर बसलाय. मीच बसवलाय."

साहेब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन केबिनकडं पळालेच. "हात लावायचा न्हाई!" मी ओरडले तसे पायरीवरच थांबले. मी दिव्याला घरातून उलथनं आणायला पाठवलं.

एकाहत्तर वर्षांचे गुडघे आणि हत्तिणीची पायरी कमरेएवढी. दिव्यानं मागून ढकललं, रणजीतनं वरून ओढलं, आणि दोघांनाही माझ्या शिव्या खाव्या लागल्या. ड्रायव्हरच्या जागेवर बसले तेव्हा आधी हात जोडले. मग चांदीचे डोळे काढून पदराच्या गाठीत बांधले. डोळे उघडे ठेवून देवाची कातडी सोलायची, ते माझ्यानं झालं नसतं.

उलथनं लावलं. वरचा थर भुकटी होऊन पडला. मग आतला, टणक, विटेसारखा. दोन बोटं जाड. रणजीत म्हणाला, "मी करू का?" मी म्हणाले, "तू गुरुवारची शिफ्ट कर." मनगट भरून आलं. मालकांच्या हयातीतला शेंदूर कुठला आणि ते गेल्यानंतरच्या नऊ वर्षांचा कुठला, ते मला खरवडतानाच कळत होतं. नंतरचा मी एकटीनं कालवलेला, त्यात तेल कमी पडलेलं. शेवटी खालून एक अख्खी खपली नारळाच्या करवंटीसारखी सुटली आणि माझ्या मांडीवर पडली.

दिव्यानं डिझेलच्या फडक्यानं पुसलं आणि मोबाइलची बत्ती धरली. "ट्रॅक्टर," तिनं वाचलं. "ब्रेकडाउन. हेवी. एकोणीसशे बेचाळीस."

"मराठीत सांग."

"बंद पडलेल्या जड गाड्या उचलून ओढायची गाडी, आजी."

दिग्विजय साहेबांनी आत डोकं घातलं, वाचलं, परत वाचलं. "आजी, ही तीच आहे!"

"आणि मी सकाळपासून काय सांगतीय?"

पण ते ऐकायला थांबले कुठं? बाहेर जाऊन फोनवर लागले. मी वरून ऐकत होते. "हो, अस्सल! उद्याच, बुधवारी ट्रेलर पाठवा. सगळं खरवडून काढू. हा पिवळा रंग, दारावरचं मराठी लिखाण, ते हॉर्न, सगळं. पुन्हा लष्करी हिरवा. बेचाळीसला होती तश्शी."

दारावरचं मराठी लिखाण म्हणजे 'धोंडीबा शेळके, कासारवाडी. रात्री-अपरात्री हाक मारा.' पेंटरनं शेवटचा शब्द दाटीवाटीनं बसवलाय. मालक दर दसऱ्याला त्यावरून स्वतः ब्रश फिरवायचे.

"साहेब," मी हाक मारली. "लढाई किती वर्षं चालली?"

"ही आल्यापासून? तीनेक."

"आणि आमच्याकडं किती वर्षं हाय?"

त्यांनी मनात मोजलं. "पन्नासच्या वर."

"मग तीन वर्षांचा रंग ठेवायचा आणि पन्नास वर्षांचा खरवडायचा, हा हिशेब तुमाला कुणी शिकवला?"

"आजी, तसं नाही. आजोबांचं नाव आपण गाडीपुढच्या बोर्डावर लिहू ना. कमिटीला विचारून."

कमिटीला विचारून. माझ्या नवऱ्याचं नाव लिहायला कमिटीला विचारून!

"रणजीत, पाना आण," मी म्हणाले. "ड्रायव्हरकडचं दार खोल."

"आई, आता हे काय?"

"भंगारवाल्यासाठी शिफ्ट बदलली न्हवं? मग माझ्यासाठी चार बोल्ट खोल."

त्यानं खोलले. साहेब हवालदिल झाले. म्हणाले, दार ओरिजिनल आहे, त्याच्याशिवाय गाडी अपुरी. मी म्हणाले, व्हय, म्हणूनच.

बुधवारी हत्तीण ट्रेलरवर चढली, एका बाजूनं उघडी. मी रस्त्यापर्यंत गेले. सोंडेला हार घातला. रडले बिडले नाही, रहदारी फार होती.

दार आता रणजीतच्या ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीत उभं आहे. सूनबाई नेहा त्यावर पायपुसणी वाळत घालते, मी उचलून तिच्या हातात देते. आमचं रोज एकदा होतंच.

साहेबांचा महिन्या-महिन्याला फोन येतो. "आजी, गाडी पूर्ण झाली हो. फक्त दार राहिलंय. प्रदर्शन तोंडावर आलंय."

"बोर्ड झाला?"

"कमिटीची मीटिंग आहे पुढच्या आठवड्यात."

"मग दारबी मीटिंगला गेलंय."

यंदाच्या खंडेनवमीला मी दाराच्या मुठीखाली शेंदूर लावला आणि पदराच्या गाठीतले डोळे काढून तिथं बसवले. न्यायला येतील तेव्हा तो खरवडावा लागेल. आणि खरवडायला मलाच विचारावं लागेल.