कुलपातली मचाण

मी मचाण बोलतेय. मान वर करा, म्हणजे दिसेन. अमेरिकेत, विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात, स्कार घराण्याच्या रानात, उतारावरच्या म्हाताऱ्या ओकच्या झाडाला टेकून उभी आहे. जाड फळ्या, डोक्यावर पत्रा, पायाशी शिडी. गोड बोलणं मला जमत नाही, आणि ते मला कुणी शिकवलंही नाही. वारा कधी फिरतो, हरणं कुठल्या वाटेनं ओढ्यावर उतरतात, हे सगळं मी उभ्या उभ्या शिकले. ऐकायचं असेल तर ऐका, नाही तर व्हा पुढे.

मला आर्विड स्कारनं बांधलं, आपल्या बायकोसाठी. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की स्कारांचे सगळे पुरुष रानातल्या खोपटात मुक्काम ठोकायचे. पत्ते, बिअर, घोरणं, आणि पहाटे बंदुका. आर्विडच्या बायकोनं, व्हर्नेलनं, तिथे फक्त डबे पोचवायचे आणि भांडी घासायची. "मलाही शिकवा की," म्हणाली, तर दीर खदाखदा हसले. "वहिनी, तू आलीस तर हरणं कॅनडात पळतील!"

आर्विड मवाळ माणूस. भावांपुढे त्याचं तोंड उघडेना, पण हात चालले. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं मला उभी केली. "ही तुझी," म्हणाला. म्हणजे जागा मिळाली. शिकवणारा कुणी मिळाला नाही. व्हर्नेल एकटीच शिकली, पडत, चुकत, थंडीनं बोटं बधिर करून घेत.

खोपटाची एक रीत आहे. कुणाचा नेम चुकला की त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं आणि भिंतीवर खिळ्यानं ठोकायचं. सगळे हसतात, चुकलेलाही हसतो, आणि त्या दिवसापासून तो खोपटाचा होतो. व्हर्नेलचा नेम पहिल्यांदा चुकला तेव्हा तिनं स्वतःच शर्ट कापला आणि तुकडा घेऊन ताठ मानेनं खोपटात गेली. थोरला दीर म्हणाला, "बायकांची फडकी लावायची भिंत नाही ही."

तो तुकडा तिनं परत आणला आणि माझ्या कठड्याला ठोकला. निळ्या चौकडीचा. उन्हाबर्फात त्याचा रंग उडाला. माझा राग नाही उडाला.

पुढे व्हर्नेलनं इतकी हरणं घरी नेली की दिरांच्या बायका तिच्याकडून मांस मागून न्यायच्या. मग आर्विड गेला. व्हर्नेलचं कंबरेचं हाड मोडलं आणि ती रानात यायची थांबली. देखरेख पुतण्याकडे आली, लाइलकडे. रान व्हर्नेलच्याच नावावर, पण लाइलचं चालणं बघावं! जणू झाडं त्यानंच पेरली होती.

तो माझ्यावर एकच हंगाम बसला. पुढच्याच आठवड्यात त्यानं माझ्या शिडीवर फळी मारली, साखळी गुंडाळली, कुलूप घातलं. का, ते सांगते पुढे.

त्यानंतर माझ्यावर कुणीच चढलं नाही. बाकावर खारीनं संसार थाटला. आणि हे पुरुष माझ्याच बुंध्याशी लघवीला उभे राहून रडगाणं गायचे. "हल्ली कुणी शिकारीला येतच नाही रे." "हरणं सोयाबीन फस्त करतायत." "आपल्यामागे हे सगळं संपणार बघ." माझ्या फळ्या दातांसारख्या करकरल्या. अरे, कुलूप कुणी घातलंय?

अशात येसेनिया आली. टेक्सासहून येऊन इथल्या चीजच्या कारखान्यात कामाला लागलेली, चाळिशीतली बाई. शिकारीचा वर्ग तिनं पुरा केला, परवाना काढला, जुनी बंदूक घेतली. वर्गात शेवटी सांगितलं, आता एक जागा बघा आणि एक शिकवणारा बघा. सांगणारा गाडीत बसून गेला. कुठे बघा? आभाळात?

बाई दारोदार फिरली. एक दिवस तिला लाइल माझ्याच खाली भेटला.

"अहो, एक विचारू? ही मचाण कुणाची?"

"आमच्या घरची."

"यंदा कुणी बसणार आहे?"

"भरलीय. घरचीच माणसं मावत नाहीत."

भरलीय! वरून खारीनं त्याच्या टोपीवर ओकचं बी टाकलं, तेवढाच मला दिलासा.

"सरकारी रान आहे की. तिकडे जा."

"गेले होते. तिथे एकानं हाकललं. म्हणाला, आमची जागा आहे."

"मग दुकानातून घे मांस. मिळतं."

"मिळतं हो. मला मिळवायचंय," येसेनिया म्हणाली आणि निघून गेली. परवाना त्याच हंगामापुरता होता, आणि हंगाम तोंडावर आला होता.

तिनं वाजवलेलं शेवटचं दार होतं गावातल्या एका काठी टेकत चालणाऱ्या म्हातारीचं. ती व्हर्नेल निघाली. हे मला कळलं ते दोघी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या तेव्हा. व्हर्नेलच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात लोखंड तोडायची लांब दांड्याची कात्री.

"लाइलकडे किल्ली मागूया ना, बाई," येसेनिया म्हणाली. "उगाच भांडण नको."

"माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी बांधलेली मचाण. तिची किल्ली मी मागू? धर ती साखळी. ताणून धर!"

कट्ट! तो आवाज माझ्या पत्र्यापर्यंत गेला.

मग व्हर्नेल तिला रोज घेऊन यायची. रुईसारख्या दुधाळ झुडपाच्या शेंगेतल्या म्हाताऱ्या हवेत सोडायला लावायची. "नाकानं नाही, हिच्यावरून वारा ओळख. बघ, ओढ्याकडे गेली. आता तिकडून येणाऱ्या हरणाला तुझा साबण घरबसल्या कळला." बंदूक रिकामी करून दोरीनं वर घ्यायची, आधी कमरेचा पट्टा झाडाला बांधायचा, मगच बसायचं. विसरली की काठीचा टोला.

हंगाम उघडला त्या सकाळी व्हर्नेल स्वतः वर चढली, पायरीगणिक एक शिवी देत. खारीला हुसकावलं आणि दोघी दाटीवाटीनं बसल्या. उजाडल्यावर उतारावरून नर उतरला, मोठ्या शिंगांचा. येसेनियाचा श्वास मला फळीतून जाणवत होता. बार झाला. नर शेपटी उभारून दिसेनासा झाला.

"शिंगं बघत बसलीस ना?" व्हर्नेल फिस्कारली. "शिंगं शिजवून खायचीत का? खांद्यामागे बघायचं, खांद्यामागे!"

"चुकलंच, बाई."

"चुकलं की लागलं, ते इथे बसून नाही ठरत. थांब जरा, मग खाली जाऊन शोधायचं. जखमी जनावर सोडून घरी जाणाऱ्याला मी ओळख देत नाही."

दोघींनी उतार पिंजून काढला. रक्त नाही, केस नाही. समोरच्या भूर्जाच्या खोडात मात्र गोळीचं ताजं भोक सापडलं. आणि त्याच्या हातभर खाली दुसरं. जुनं, कडेनं साल भरत आलेलं.

व्हर्नेलनं त्यावर बोट फिरवलं. "हे माझं नव्हे. माझ्या वेळी हे झाड बोटाएवढं होतं. माझ्यानंतर वर बसला एकटा लाइल. आणि घरी येऊन म्हणाला, काकू, हरीणच दिसलं नाही."

दिसलं होतं! मी पाहिलंय. नेम चुकला, तसं त्यानं चारी बाजूंना बघून घेतलं, पायाशी पडलेलं काडतुसाचं टरफल उचलून खिशात घातलं आणि चोरासारखा उतरला. शर्टाचं एक टोक वाचवायला, वर बसणाऱ्या कुणाला ते भोक सापडू नये म्हणून, त्यानं मला कुलपात घातलं, आणि माझ्याबरोबर येसेनियाची वाटही.

बार ऐकून लाइल धावत आला. "काकू! कुलूप तोडलंस? आणि ही कोण बसवलीस? चुकला ना नेम? बघ, अशांना बसवून काय होतं ते!"

व्हर्नेलनं सुरी काढली आणि येसेनियाच्या लाल शर्टाचं टोक सर्रकन कापलं. येसेनिया आधी दचकली, मग हसायलाच लागली.

"हे खोपटाच्या भिंतीवर लाव, लाइल."

"घरच्यांचंच लागतं तिथे."

"बरं. मग तू पाठ फिरव." सुरी तिच्या हातातच होती. "ते भूर्जातलं खालचं भोक तुझं आहे. तू घरचाच आहेस ना?"

लाइलचा चेहरा त्याच्या नारिंगी टोपीहून लाल झाला. दोन्ही हातांनी त्यानं शर्ट मागून धरला. एवढा मोठा बाप्या! आणि तसाच, शर्ट धरून, उतारानं निघून गेला.

व्हर्नेलनं लाल तुकडा माझ्या कठड्याला ठोकला, आपल्या विटलेल्या निळ्या तुकड्याशेजारी. मग आणखी एक खिळा ठोकला. नुसताच.

"उद्या पहाटे ये," ती येसेनियाला म्हणाली. "आणि तो साबण बदल."

तो तिसरा खिळा अजून माझ्या अंगात आहे. लाइल, गंजायला लागलाय तो. ये आणि शर्ट दे. चुकलेल्यांना मी कधी हसले नाही. आणि तुम्ही, रिकाम्या जागेला "भरलीय" म्हणणारे, तुमच्याही शिड्यांवर साखळ्या आहेत. आपल्या हातानं सोडा. नाही सोडल्यात तर व्हर्नेलची कात्री माझ्याच बुंध्याशी टेकवून ठेवलीय. ज्याला लागेल त्यानं घेऊन जावी.