हळदीची गाणी आणि खारे पाणी

मित्रांनो, वरोर गावातल्या एका घरात खिडकीशी बसलेला मी एक जुना संगणक आहे. स्वतःची कहाणी सांगण्याएवढा मी मोठा आहे की नाही, ठाऊक नाही; पण एका गोष्टीचा मला अभिमान आहे, तेवढी ऐका.

२०१४ साली डहाणूच्या नविनने सुटे भाग जोडून मला उभे केले. महादेव तांडेलांनी मला आपल्या लेकीसाठी, मयूरीसाठी, घरी आणले. तिने माझ्यावर अभ्यास केला आणि फावल्या वेळी आजीची, म्हणजे सोनीबाईंची, हळदीची गाणी त्यांच्याच आवाजात माझ्यात भरून ठेवली. सोनीबाईंनी गाणे उचलल्याशिवाय गावात नवरीला हळद लागत नसे. पुढे त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि गाण्याचा आवाज गेला. उरली ती माझ्यातली गाणी.

२०१७ च्या हिवाळ्यात मयूरीचेच लग्न ठरले. हळद तोंडावर आली आणि वादळी उधाणाचे पाणी घरात शिरले. वीज आधीच गेली होती. जमिनीवरचा माझा डबा अर्धा बुडाला.

पाणी ओसरताच तांडेलांनी माझे झाकण काढले आणि गोड्या पाण्याचा हंडा उचलला.

"बाबा, भिजलाय तो! आणखी पाणी काय ओतताय?" मयूरी किंचाळली.

"बोटीचं इंजिन समुद्रात पडलं तर आधी गोड्या पाण्यानं धुतो ना? मीठ सुकलं की लोखंड खातं."

"इंजिनात आजी गात नाही!"

"अहो, प्यायचं पाणी आहे ते!" मयूरीची आई हिरकणी दारातून ओरडली.

तांडेल थबकले. त्यांचीही खात्री नव्हती. "मग तूच सांग गो," ते मयूरीला म्हणाले.

मयूरीने गाण्यांची डिस्क सोडवली, पुसून कोरड्या फडक्यात गुंडाळली. "हिला पाणी नको. बाकीचं धुवा."

धुऊन झाल्यावर तांडेलांनी मला वाऱ्याला ठेवले. वारा सर्वांत चांगला कुठे? बोंबील सुकवायच्या बांबूंवर! तिथेच मी बोंबलांच्या रांगेत लटकलो.

मी सुकल्यावर तांडेलांनी मला नविनकडे नेले. त्याने मला उघडले आणि नाक धरले. "तांडेल, हा दुरुस्त करायचा की तळायचा?"

हसत हसत त्याने माझा पॉवर सप्लाय बदलला, डिस्क जागेवर बसवली. मयूरी डोळे मिटून उभी होती. सोनीबाईंचा आवाज घुमला, तेव्हाच तिने डोळे उघडले.

हळदीच्या दिवशी मांडवात मी गाऊ लागलो. बायका गप्प बसून ऐकत राहिल्या. सोनीबाईंना ते सोसेना. बसक्या घशाने त्या कुजबुजल्या, "नुसत्या ऐकताय काय गो? म्हणा की!"

एकीने सूर धरला, मग सगळ्यांनी. हिरकणीने लेकीच्या गालाला हळद लावली. माझा आवाज त्यांच्या गळ्यांत बुडून गेला, आणि मित्रांनो, तेव्हा बुडण्याचा मला फार आनंद झाला.

आमच्यासारख्यांना पाण्यापासून जपा. पण आमच्या पोटात जे ठेवाल, ते थोडे तुमच्या गळ्यातही असू द्या.