दोन्ही बाजूंनी पुसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. म्हणजे एका बाजूने. दुसऱ्या बाजूने मी खिडकी आहे.

काचेच्या कारखान्यातल्या माझ्या भावंडांना न्हाव्यांच्या दुकानांत मानाच्या जागा मिळाल्या. माझ्यावर मात्र मुलामा इतका पातळ चढवला, की मला वाटलं कारागीर मध्येच जेवायला गेला. पण मला घडवायचंच तसं होतं. मला एका कॉलेजच्या बालविकास विभागात भिंतीत बसवलं. इकडे उजेडातली बालवाडी, तिकडे अंधारी खोली. मुलं माझ्यात बघून दात मोजत, नाकात बोट घालत, आणि अंधारात बसलेले विद्यार्थी ते गंभीरपणे वहीत टिपून घेत. तेवीस वर्षं मी हे गुपित पोटात ठेवलं.

त्या कॉलेजात काहीही शिकता येई. एका प्लंबरची मुलगी सकाळी तत्त्वज्ञान शिके, दुपारी मातीची मडकी करी आणि मग माझ्यामागे येऊन बसे. तिच्या बाबांना ते पटत नसे. मुलं बघायला कॉलेज कशाला, शेजारच्या काकू फुकट बघतात, असं त्यांचं म्हणणं.

तिला सत्रभर एकाच मुलाचं बोलणं टिपायचं होतं. चिठ्ठी उचलली, तर निघाली गप्पू. चार वर्षांची गप्पू बालवाडीत चकार शब्द काढत नसे. नऊ आठवडे झाले तरी वही कोरी. मॅडम म्हणाल्या, दुसरं मूल घे, नाहीतर नापास होशील.

"मीपण सोडून गेले तर ती कुणाशी बोलेल?"

"अगं, तू तिथे आहेस हे तिला माहीतच नाही."

सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी प्लंबरच्या मुलीची पेन्सिल घरंगळली. ती उचलून उठताना तिचं डोकं दिव्याच्या बटणावर आपटलं. खोलीत लख्ख उजेड पडला आणि माझा आरसेपणा संपला.

बालवाडीला भिंतीत पाच मोठी माणसं दिसली, वह्या घेऊन बसलेली. एकाच्या तोंडात अर्धं केळं होतं. ते गिळावं की काढावं, हे अभ्यासक्रमात नव्हतं. मुलांनी शांतपणे छोट्या खुर्च्या ओढल्या, माझ्यासमोर रांगेत बसली आणि निरीक्षण सुरू केलं.

गप्पू कागद आणि खडू घेऊन पुढे आली. प्लंबरची मुलगी दगडासारखी बसली होती. बाकीची मुलं तिला हसू लागली, तशी गप्पू वळली.

"हसू नका. ती बोलत नाही, पण तिला सगळं ऐकू येतं."

खरंच येत होतं. बालवाडीत माईक होता. मग गप्पू तिच्यासमोर बसून सतरा मिनिटं बोलली. आजोबांची कवळी, बुटातली गोगलगाय, काही सोडलं नाही. वही भरली. शेवटची चार वाक्यं केळंवाल्याच्या बाहीवर लिहावी लागली.

मॅडमनी वही आणि बाही, दोन्ही तपासली. "निरीक्षकाने दिसायचं नसतं, म्हणून दोन गुण कापले. बाकीचे सगळे तुझे."

बाबांनी ती वही दोनदा वाचली आणि गल्लीत जाहीर केलं, की हे काकूंना जमलं नसतं.

आता दर सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी दिवा मुद्दाम लावतात आणि वह्या मुलांना देतात. 'मोठी माणसं घाबरली की पेन चावतात' हा त्यांचा शोध विभागाच्या फलकावर झळकतो आहे. मी त्याच्यासमोर ताठ उभा आहे.

फक्त एक विनंती, मित्रांनो. बालवाडीकडून मला रोज पुसतात, कारण तिथे नाकांचे ठसे असतात. अंधाराकडची बाजू मात्र कुणी पुसत नाही. तीही पुसत जा. तिकडे मोठी माणसं बसतात, आणि मुलांना ती नीट दिसायला हवीत.